गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी ऑइलचा क्लच तपासा

सोलापूरहून चादरी, टॉवेल आणि कापडाच्या गाठी घेऊन येणारे पिकअप तुळजापूरचा घाट चढून धाराशिवला येतात आणि तेथून कळंब, भूम, वाशीच्या बाजारांना जातात. अशा जुन्या गाडीचा क्लच बिघडला की बाजाराचा दिवस बुडतो. गॅरेजमध्ये सहसा एकच निदान ऐकू येते : प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. कधी ते बरोबरही असते. पण अनेकदा दोष बाहेरच्या एका लहान रबरात असतो. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी, रबर किटचा खर्च किरकोळ. म्हणून हा फरक ओळखण्याची रीत गाडीमालक आणि मिस्त्री या दोघांनाही माहीत असावी.

क्लच चालतो कसा?

काही गाड्यांत क्लच तारेने ओढला जातो, काहींत ऑइलने. बॉनेट उघडून पाहिल्यास समजते. ऑइलच्या क्लचमध्ये पेडल दाबले की वरचा मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो. ते पाइपातून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जाते. स्लेव्हचा दांडा फोर्कला ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, आणि बेअरिंगच्या दाबाने प्लेट सुटी होते. ऑइल दबत नाही, हवा दबते. म्हणून पाइपात हवा शिरली की पायाचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो आणि दांडा पुरेसा सरकत नाही.

१. आधी दुखणे ओळखा

क्लचची दुखणी मुख्यतः दोन. पहिले, क्लच सरकणे : चढावर अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी वेग घेत नाही आणि जळका वास येतो. दुसरे, क्लच न सुटणे : पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही, विशेषतः रिव्हर्स टाकताना कडकड होते.

दुसऱ्या दुखण्याची साधी परीक्षा आहे. गाडी सपाट जागी, पुढे-मागे कोणी नसताना उभी करावी. हँडब्रेक लावावा. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण इंजिन चालू केल्यावर अडतात, तर बहुतेक वेळा गिअरबॉक्स निर्दोष असतो. क्लच सुटत नसतो.

क्लच सरकत असेल तर प्लेट झिजलेली किंवा तिच्यावर ऑइल आलेले असण्याचा संभव जास्त. तरी एक गोष्ट पाहावी. इंजिन बंद ठेवून, पेडलला पाय न लावता स्लेव्हचा निपल किंचित सैल करावा. ऑइल जोराने उडाले आणि त्यानंतर क्लच पकडू लागला, तर दाब आतच अडकलेला होता. अशा वेळी मास्टरचे परतीचे छिद्र, पेडलची सेटिंग आणि आतून फुगलेला रबरी पाइप तपासावा.

२. ऑइल कोठे जाते ते शोधा

डबीतील ऑइल पेट्रोल-डिझेलसारखे खर्च होत नाही. पातळी सारखी उतरत असेल तर गळती आहेच. केबिनमध्ये पेडलच्या वर, दांड्यापाशी बोट फिरवावे. तेथे ओल असेल तर मास्टरचे रबर गेले. खाली स्लेव्हची रबरी टोपी उचलून पाहावी. आत ओल असेल तर स्लेव्हचे रबर गेले. पाइपाचे सांधेही पुसून पाहावेत. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची डबी एकच असते. तेथे ही गळती ब्रेकलाही धोक्यात आणते, म्हणून एक दिवसही टाळू नये.

३. पेडल काय सांगते?

पेडल दोन-तीन वेळा भराभर मारल्यावर गिअर पडत असेल तर पाइपात हवा आहे किंवा ऑइल कमी आहे. पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली बसते आणि बाहेर कोठेही ओल नाही, तर मास्टरच्या आतले रबर ऑइल मागे सोडत आहे. ही गळती डोळ्यांना दिसत नाही आणि नेमकी येथेच निर्दोष प्लेट बदलली जाते.

४. दांडा मोजा

निकाल देणारी परीक्षा हीच. इंजिन बंद करावे, चाकांना दगड लावावेत. एकाने पेडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते पट्टीने मोजावे. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकात पाहावा. दांडा कमी सरकत असेल तर दोष ऑइलच्या बाजूला, किंवा पेडलच्या झिजलेल्या बुशात आहे. गिअरबॉक्सला हात लावू नये. दांडा पूर्ण सरकूनही क्लच सुटत नसेल, तर वाकलेला फोर्क, खराब प्रेशर प्लेट किंवा शाफ्टवर अडकलेली प्लेट असे आतले कारण असते. तेव्हा मात्र गिअरबॉक्स उतरवणे रास्त आहे.

५. दुरुस्ती करताना

रबर बदलल्यावर हवा काढावी. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करावा, बुडबुडे निघाले की घट्ट करावा, मगच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे आणि डबी रिकामी होऊ देऊ नये.

डबीच्या झाकणावर लिहिलेलेच, डॉट ३ किंवा डॉट ४, ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातून घालावे. हे ऑइल हवेतील ओल शोषते. कोरडे डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. इंजिन ऑइल किंवा रॉकेल घातले तर रबर फुगून सगळेच किट बाद होते. ब्रेक ऑइल रंगही खाते, सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

व्यवहाराची बाजू

न सुटणारा क्लच घेऊन भरल्या गाडीने घाट उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. ऐन उतारावर खालचा गिअर पडला नाही तर सारा भार ब्रेकवर येतो. ड्रायव्हरला क्लचवर पाय ठेवून चालवू देऊ नये आणि क्षमतेपेक्षा जास्त गाठी भरू नयेत.

मिस्त्री बंधूंनी काढलेला भाग मालकाच्या हाती द्यावा आणि दांड्याचे माप त्याच्यासमोर घ्यावे. गिऱ्हाइकाची गाडी आपल्याकडे अमानत असते. मालकानेही गाडी विकताना क्लचचा ऐब सांगून विकावी. कापडाच्या थानात डाग असेल तर आपण तो गिऱ्हाइकाला दाखवतो. गाडीला वेगळा नियम नाही. ऐब झाकून मिळवलेल्या नफ्यात बरकत नसते.