अंश कोणत्या मापाचे ?

घरांत कोणास ताप भरला म्हणजे आपण उष्णतामापक पाहून "१०२ ताप आहे" असें म्हणतों. आणि त्याच दिवशींच्या वर्तमानपत्रांत "नागपुरास पारा ४५ अंशांवर" असें वाचतों. तर मग तें आजारी मूल नागपूरच्या उन्हाळ्याहून दुप्पट तापलें आहे कीं काय, असें एखाद्या विद्यार्थ्यानें विचारल्यास त्यास हंसूं नये. प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर प्रत्येक घरास उपयोगाचें आहे.

उष्णतामापकावरील अंश हे फूटपट्टीवरील इंचांप्रमाणें मनुष्यानेंच ठरविलेले आहेत. फॅरनहाइट (१६८६-१७३६) या कुशल उपकरणकारानें आपलें माप १७२४ मध्यें प्रसिद्ध केलें. बर्फ, पाणी व नवसागर यांच्या मिश्रणास त्यानें शून्य मानलें. नुसत्या बर्फ-पाण्यास ३२ आणि निरोगी मनुष्याच्या शरीरास ९६ अंश दिले. पुढें उकळत्या पाण्याचा अंक २१२ धरून माप पक्कें करण्यांत आलें, व शरीराचा अंक सुमारें ९८.६ ठरला. स्वीडन देशांतील खगोलवेत्ता सेल्सियस यानें १७४२ मध्यें पाणी गोठणें व उकळणें यांमधील अंतराचे १०० भाग केले. नवल असें कीं, त्यानें उकळत्या पाण्यास ० व गोठत्या पाण्यास १०० हा अंक दिला होता. हा क्रम नंतर उलटविण्यांत आला.

आतां हिशेब पाहूं. सेल्सियसचा अंक दुप्पट करावा, त्या दुपटीचा दशांश वजा करावा आणि बाकींत ३२ मिळवावे. नागपूरच्या ४५ ची दुप्पट ९०. त्यांतून ९ गेले, राहिले ८१. त्यांत ३२ मिळविले म्हणजे ११३ झाले. मुलाचा ताप तर १०२ ! अर्थात् नागपूरची हवाच अधिक तप्त. तसेंच, २० अंशांहून ४० अंश म्हणजे दुप्पट ऊन, हेंही खरें नव्हे. कारण तेच अंक फॅरनहाइटांत ६८ व १०४ होतात, आणि १०४ ही कांहीं ६८ ची दुप्पट नाहीं.

आपल्या देशांत १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं व हवेचे आंकडे सेल्सियसमध्यें देण्याची रीत रुळली. तापाचा अंक मात्र पुष्कळ घरांत अद्याप फॅरनहाइटचाच आहे. "शंभरावर गेला म्हणजे ताप" ही खूण वडीलमाणसांच्या तोंडीं बसली आहे, आणि संवयीचें माप मनुष्य सहसा सोडीत नाहीं.

यांत दोष नाहीं. पण सावधगिरी हवी. हल्लींच्या कित्येक विजेरी उष्णतामापकांत दोन्ही मापें असतात, व चुकून कळ दाबली गेल्यास माप बदलतें. कालपर्यंत १०२ दाखविणारें यंत्र आज ३९ दाखवूं लागलें, तर ताप उतरला असें समजून कोणी निश्चिंत होऊं नये. ३९ सेल्सियस म्हणजे १०२.२ फॅरनहाइट. तीन महिन्यांच्या आंतील बालकास ३८ सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, इतका ताप असला तरी विलंब न करतां डॉक्टरांकडे न्यावें.

यास्तव आमच्या विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें कीं, अंक वाचण्यापूर्वीं त्याच्या शेजारचें अक्षर वाचावें. आणि घरांतील वडीलमंडळींस हा लहानसा हिशेब करून दाखवावा. शाळेंत शिकलेलें गणित आजाऱ्याच्या उशाशीं उपयोगीं पडावें, याहून त्याचें सार्थक तें कोणतें ?