पट्ट्यांचा ठेका

"यात काय आहे? कागद आणि पट्टी द्या, एका रात्रीत दहा काढतो!" नुसत्या उभ्या पट्ट्यांचं चित्र पाहून आपल्यापैकी बऱ्याच जणांची हीच प्रतिक्रिया असते. माझीही होती. मित्रांनो, पट्ट्या काढणं खरंच सोपं आहे. अवघड आहे ते पुढचं: कुठला रंग कुठे आणि तो पुन्हा किती अंतराने?

जीन डेव्हिस (१९२०–१९८५) हा वॉशिंग्टनचा चित्रकार. आधी पेशाने पत्रकार, चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. १९५८ मध्ये तो पट्ट्यांकडे वळला. त्याच्या अनेक चित्रांत सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या आहेत. म्हणजे रुंदी कायम, बदलतो तो फक्त रंग. अगदी आपल्या प्रॅक्टिकलसारखं! १९७२ मध्ये तर त्याने फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयासमोरचा रस्ताच पट्ट्यांनी रंगवला.

असं चित्र बघायचं कसं? डेव्हिस सांगायचा, एकच रंग निवडा आणि चित्रभर त्याच्या मागे जा. समजा, लाल घेतला. तो चार पट्ट्यांनी परत येतो, मग दोनच पट्ट्यांनी, मग बराच वेळ येतच नाही. नजर त्याची वाट पाहू लागते. तीनतालात १६ मात्रा सारख्याच अंतराच्या असतात, पण कान समेची वाट पाहतो, तसंच हे. फरक एवढाच की सम ठरल्या जागी येते, हा लाल मात्र चकवतो.

दुसरी गंमत शेजाराची. पॅरिसच्या गोबलॅं कारखान्यात विणकामातला काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार होती. तिथल्या रंगखात्याचा प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने शोधून काढलं की दोष रंगात नाही, शेजारच्या रंगांत आहे. १८३९ मध्ये त्याने यावर ग्रंथच लिहिला. तीच राखाडी पट्टी पिवळ्याशेजारी निळसर वाटते आणि निळ्याशेजारी पिवळसर. म्हणून एक पट्टी हलवली की शेजारच्या दोन्ही बदलतात.

आता प्रयोग. दोन कागद आडवे धरून प्रत्येकावर एक सेंटिमीटरच्या २४ उभ्या पट्ट्या आखा. पहिल्यावर लाल, निळा, पिवळा असे क्रमाने भरा. दुसऱ्यावर प्रत्येक रंगाच्या आठच पट्ट्या, पण क्रम तुमचा. दोन्ही भिंतीला चिकटवा आणि दारातून बघा. पहिला कागद चादरीसारखा शांत वाटेल, दुसऱ्यावर नजर धावेल, अडखळेल. नाही धावली तर क्रम बदला.

माझा दुसरा कागद पाचव्या खेपेला जमला. 'एका रात्रीत दहा' हे विधान मी मागे घेतो!