प्रकाशतंतूच्या चौकातील कोंडी

ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत आलेल्या काचेच्या तंतूतून माहिती प्रकाशरूपाने धावते. तथापि माहितीच्या लहान तुकड्यांची, म्हणजे पॅकेटांची, पुढील वाट जेथे ठरते, तेथे प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करावे लागते. पत्ता वाचून झाला की पुन्हा त्याचा प्रकाश होतो. यात वीज आणि यंत्रसामग्री खर्ची पडते. हे रूपांतर टाळून पॅकेट प्रकाशरूपातच वळविता येईल काय, या प्रश्नावर १९९० च्या दशकापासून युरोप, अमेरिका व जपानमध्ये विपुल संशोधन झाले.

अडचण उद्भवते ती चौकात. दोन पॅकेटे एकाच क्षणी, एकाच तरंगलांबीवर, एकाच तंतूकडे निघाली, तर एकाला थांबलेच पाहिजे. विजेच्या यंत्रात ते स्मृतिकोशात ठेवता येते. प्रकाशाला मात्र असे बसवून ठेवता येत नाही. फार तर त्याला लांबच्या फेरीला पाठविता येते. यास्तव तंतूचे वेटोळे वापरतात. १,५०० बाइटचे पॅकेट सेकंदाला दहा अब्ज बिट या वेगाने पाठविण्यास १.२ मायक्रोसेकंद लागतात. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर असल्याने तेवढ्या विलंबासाठी २४० मीटर तंतू हवा! शिवाय वाट आधी मोकळी झाली, तरी वेटोळ्यात शिरलेले पॅकेट मध्येच बाहेर काढता येत नाही.

दुसरा उपाय अधिक सुबक आहे. एकाच तंतूतून निरनिराळ्या तरंगलांबीचे प्रकाश एकत्र जाऊ शकतात. म्हणून दुसऱ्या पॅकेटाची तरंगलांबी बदलून त्याला त्याच क्षणी पुढे धाडतात. प्रतीक्षा नाही, क्रमभंगही नाही. परंतु ही रूपांतरक उपकरणे महाग पडतात. तिसरा उपाय आडवाटेने पाठविण्याचा. वर्दळ कमी असता तो उपयोगी पडतो. ती वाढली की आडवाटाही तुंबतात. पॅकेटे मागेपुढे पोहोचतात, आणि काही हरवले असे समजून पाठविणारा संगणक आपली गती उगाच कमी करतो. सर्व उपाय थकले की पॅकेट सोडून द्यावे लागते व ते पुन्हा पाठवावे लागते. म्हणूनच बहुतेक आराखड्यांत आधी तरंगलांबी बदलणे व नंतर आखूड वेटोळी, अशी सांगड घातलेली दिसते.

प्रयोगशाळांत हे सारे साधले. व्यवहारात मात्र पॅकेटांची वाट आजही विजेची यंत्रेच ठरवितात. प्रकाशरूपात वळविल्या जातात त्या संपूर्ण तरंगलांब्या. त्यांच्यातील पॅकेटांचे पत्ते तेथे वाचलेच जात नाहीत.