शनिवारचा बिब्बा आणि बारावीच्या गोळ्या

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावीला आहे. रात्री पाठ केलेलं सकाळी आठवत नाही म्हणून रडकुंडीला येते. स्टेशनजवळच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी तिला ‘अ‍ॅनाकार्डियम 30’ नावाच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या दिल्या. चौकशी केली तर कळलं की हा आपला बिब्बाच! शनिवारी लिंबू-मिरचीबरोबर दुकानाच्या दारावर टांगतात तो. सासूबाई म्हणतात, बिब्बा उतला की अंग सुजतं, पोरीच्या पोटात कशाला घालतेस? खरं काय समजायचं? — एक वाचक, जोगेश्वरी (पूर्व)

उत्तर : सासूबाई बरोबर सांगताहेत. तरीही या गोळ्यांनी मुलीचं अंग सुजणार नाही. कसं, ते समजायला आधी बिब्बा नीट पाहायला हवा, कारण मुंबईत आपण तो फक्त दोऱ्यात ओवलेलाच पाहतो.

बिब्ब्याचं झाड पानगळीच्या रानातलं. आंबा आणि काजू यांचं सख्खं नातेवाईक. काजूसारखंच याचंही फळ दोन मजली असतं. देठाकडे पिवळं-नारिंगी मांसल बोंड आणि त्याच्या टोकाला काळी, चपटी, बदामाच्या आकाराची बी. बोंड पिकलं की खातात. विदर्भात ते वाळवून ‘बिब्ब्याची फुलं’ म्हणून विकतात. बी फोडली की आत निघते ती गोडंबी. डिंकाच्या लाडवात तुम्ही ती आवडीने खाल्ली असेल. सगळा वांधा आहे तो या दोहोंच्या मधल्या कवचाचा. त्यात काळपट, चिकट तेल असतं आणि ते कातडीला लागलं की फोड येतात. कोकणातून जोगेश्वरीला आलेल्या कुणालाही विचारा, काजूच्या बिया भाजताना उडणारं तेल काय करतं. त्याच जातीचं हे प्रकरण, पण चार पावलं पुढे गेलेलं. गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या बायकांचे हात पाहिले, की लाडवातली गोडंबी इतकी महाग का, हा प्रश्न पुन्हा विचारावासा वाटत नाही.

गंमत म्हणजे हे तेल सगळ्यांना लगेच उतत नाही. ती अ‍ॅलर्जी आहे. पहिल्या वेळी बहुधा काही होत नाही, पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी खाज, लाली, पाण्याचे फोड. म्हणून एकाच घरात एकीच्या टाचेच्या भेगांना बिब्बा सोसतो आणि दुसरीचा चेहरा सुजतो. कुणाला तो सोसेल हे आधी सांगता येत नाही. ‘आमच्या आजीला काही झालं नव्हतं’ हा पुरावा म्हणूनच कुचकामी.

याच तेलात चुना घातला की कापडावर न जाणारी काळी खूण उठते. परीट कपड्यांवर खुणा करायचे त्या याच्याच. इंग्रजांनी त्याला खुणेचं फळ म्हटलं आणि वनस्पतिशास्त्रातलं ‘सेमेकार्पस’ हे नावही ग्रीक शब्द जोडून त्याच अर्थाचं बनवलं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या गोऱ्या सैनिकांना मानेवर, कमरेवर चट्टे उठू लागले. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा चट्टे नेमके परिटाच्या खुणेखाली निघाले! वैद्यकात त्या विकाराला परिटाचंच नाव चिकटलं. गरीब बिचारा परीट.

आता स्मरणशक्तीकडे येऊ. बिब्ब्याचं आणि डोक्याचं नातं फार जुनं. आयुर्वेदात भल्लातक (बिब्बा) हे रसायन, म्हणजे बळ आणि बुद्धी देणारं औषध मानतात. मात्र विटेच्या चुऱ्यात घोळून, शुद्ध करून मगच. कायद्यानेही तो आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत घातलेला आहे. इथून तो इराणात, अरबांकडे गेला तो ‘बलाधुर’ होऊन. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-बलाधुरी नावाचा मोठा इतिहासकार होऊन गेला. त्याच्या या नावामागे अशी कथा सांगतात, की स्मरणशक्ती वाढावी म्हणून बलाधुर प्यायला आणि त्यातच त्याला वेड लागलं. खरं-खोटं त्या काळालाच ठाऊक. पण युरोपातही बिब्ब्याचा अवलेह ‘शहाण्यांचा’ म्हणून विकला गेला आणि पुढे तो जास्त घेऊन लोकांची स्मृती हरपते म्हणून कुणीतरी त्याला ‘मूर्खांचा अवलेह’ म्हटलं.

होमिओपॅथीचे जनक सॅम्युअल हानेमान (1755–1843) यांना हे ठाऊक होतं. त्यांच्या शास्त्राचं सूत्रच असं, की निरोगी माणसात जे लक्षण एखादं द्रव्य निर्माण करतं, तेच लक्षण रोग्यात असेल तर तेच द्रव्य सूक्ष्म मात्रेत द्यायचं. बिब्बा स्मृती घालवतो ना? मग स्मृती गेलेल्याला बिब्बा. त्यांच्या ‘जुनाट रोग’ या ग्रंथात तो आहे आणि होमिओपॅथीची पुस्तकं त्याचं चित्र एखाद्या कादंबरीतल्या पात्रासारखं रंगवतात: आत्ता वाचलेलं विसरणारा, परीक्षेला घाबरणारा, स्वतःवर भरवसा नसलेला, एका खांद्यावर देव आणि दुसऱ्यावर सैतान बसून दोघे उलटसुलट सांगताहेत असं वाटणारा, मधूनच शिव्या देणारा. अंगात कुठेतरी खुंटी ठोकल्यासारखं वाटतं आणि गंमत म्हणजे चार घास खाल्ले की बरं वाटतं. मला हे वाचताना नेहमी वाटतं, की परीक्षेच्या आदल्या रात्री महाराष्ट्रातली निम्मी पोरं याच वर्णनात बसतील. तुमच्या डॉक्टरांनी ‘अ‍ॅनाकार्डियम’ का निवडलं, हे त्यावरून कळतं.

आता गोळीत बिब्बा किती? 30 या आकड्याचा अर्थ असा: बिब्ब्याच्या अर्काचा एक थेंब नव्याण्णव थेंब अल्कोहोलमध्ये, हलवून त्यातला एक पुन्हा नव्याण्णवात, असं तीस वेळा. हिशेब केला तर एकावर साठ शून्यं इतकं विरळ. बाराव्या पायरीनंतर मूळ द्रव्याचा एक कणही उरण्याची शक्यता जवळपास संपते. म्हणजे गोळीत साखर आहे, बिब्बा नाही. म्हणून उतण्याची भीती नाही, आणि माझ्या मते गुणाचीही नाही. भारतात होमिओपॅथी कायद्याने मान्य आहे. विलेपार्ल्यात तिचं महाविद्यालय आहे आणि 2021 पासून तिचा राष्ट्रीय आयोगही आहे. पण मान्यता ही परवान्याची गोष्ट, पुराव्याची नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य परिषदेने 2015 साली उपलब्ध अभ्यास तपासले आणि होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजारासाठी नाही असं सांगितलं. तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं असेल. त्यांनी मुलीला अर्धा तास बसवून ऐकून घेतलं असेल, तर तेवढा फायदा मी गोळीचा नाही, त्या अर्ध्या तासाचा मानेन.

एक मात्र कटाक्षाने पाहा. बाटलीवर 30 किंवा 200 ऐवजी ‘क्यू’ किंवा ‘मदर टिंक्चर’ लिहिलेलं असेल, तर त्यात खरोखरचा बिब्ब्याचा अर्क असतो. तो घरच्या घरी पोटात घेऊ नका, अंगालाही लावू नका.

मुलीला विसरायला होतंय त्याचं कारण मात्र बिब्ब्यात शोधू नका. रात्री दोनपर्यंत जागून ती सकाळी सहाच्या क्लासला पळत असेल, तर पाठ केलेलं कुठे बसणार? झोपेतच ते बसतं. आठवडाभर तिला साडेअकराला अंथरुणात पाठवून पाहा आणि पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारत उजळणी करायला सांगा. रडणं, जेवण टाकणं, झोप उडणं महिनाभर चाललं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नका.

ता. क. : ‘दारावरचा बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरतात आणि तेल दुधात टाकून देतात, ते चालेल का?’ असंही तुम्ही विचारलंय. नाही, अजिबात नाही. तुमच्या त्या दारावरच्या बिब्ब्याचं तेल सुकलेलं असेल असं समजून मुलांच्या हातातही देऊ नका. चुकून लागलंच तर लगेच साबणाने भरपूर पाण्यात धुवा, ते हात डोळ्यांना लावू नका आणि फोड आले तर त्वचातज्ज्ञाला दाखवा. सासूबाई खोबरेल लावायला सांगतील. धुऊन झाल्यावर लावलं तर हरकत नाही, पण धुण्याआधी नको, तेलाबरोबर बिब्बाही पसरतो.