दान नव्हे, देणे



एखाद्या नगरपालिकेने कुणाला पैसे दिले की आपण चटकन 'मदत' म्हणतो. पण मदत आणि भरपाई या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हा भेद समजण्यासाठी आज अमेरिकेतील एका शहराचे उदाहरण घेऊ. तेथील कृष्णवर्णीयांचा प्रश्न आपल्याला परका नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डुबॉईस यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या.

१. नुकसान कसे झाले?

एव्हन्स्टन हे शिकागोच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले सुमारे पाऊण लाख लोकसंख्येचे शहर. तेथील बहुतेक कृष्णवर्णीयांना शहराच्या पश्चिमेकडील एका त्रिकोणी भागातच राहावे लागे. हे आपोआप घडले नाही. १९२१ साली नगरपालिकेने जमीनवापराचे नियम केले. त्या त्रिकोणाबाहेर जेथे कृष्णवर्णीयांची घरे होती, त्या जागा व्यापारासाठी ठरविल्या गेल्या. हे घर कृष्णवर्णीयास विकू नये, अशी अट कित्येक खरेदीखतांत असे. पुढे १९३३ साली निघालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगविले. उत्तम वस्ती हिरवी, धोक्याची वस्ती लाल. एव्हन्स्टनचा तो त्रिकोण लाल झाला, आणि लाल वस्तीत घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त झाले.

आता याचा परिणाम लक्षात घ्या. बाप कर्ज फेडतो, घराची किंमत वाढते, त्या घराच्या आधाराने मुलगा शिकतो आणि नातवाला वारसा मिळतो. ज्या आजोबाला कर्जच नाकारले गेले, त्याच्या नातवाच्या वाट्याला काय आले? घरांच्या व्यवहारातील भेदभाव १९६८ साली केंद्राच्या कायद्याने बेकायदा ठरला. नवा अन्याय करण्यास मनाई झाली. जुने नुकसान मात्र तसेच राहिले.

२. नगरपालिकेने काय केले?

नोव्हेंबर २०१९ मध्ये नगरसेविका रॉबिन रू सिमन्स यांच्या पुढाकाराने एव्हन्स्टनच्या नगरपालिकेने भरपाईसाठी एक कोटी डॉलरचा निधी ठरविला. पैसा गांजाविक्रीवरील करातून यायचा होता. गांजा बाळगल्याच्या गुन्ह्यात कृष्णवर्णीयांनाच अधिक प्रमाणात पकडले जात असे. म्हणून हाच कर निवडला. स्थानिक इतिहास-अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे तपासून नगरपालिकेच्या धोरणांचा अहवाल तयार केला. मार्च २०२१ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी पहिली योजना मंजूर झाली. १९१९ ते १९६९ या काळात तेथे राहिलेले कृष्णवर्णीय व त्यांचे थेट वंशज यांना प्रत्येकी २५,००० डॉलर; घर घेणे, कर्ज फेडणे किंवा दुरुस्ती करणे यासाठी. जानेवारी २०२२ मध्ये सोडत काढून पहिले सोळाजण निवडले गेले.

३. आक्षेप कोणते?

विरोधी मत देणाऱ्या नगरसेविका सिसिली फ्लेमिंग स्वतः कृष्णवर्णीय होत्या. त्यांचे म्हणणे असे, की रक्कम बँकेकडे किंवा ठेकेदाराकडे जाणार असेल आणि ती कशी वापरावी हे देणाराच ठरविणार असेल, तर तिला भरपाई म्हणता येत नाही. या टीकेत तथ्य होते. मार्च २०२३ मध्ये नगरपालिकेने रोख रकमेचा पर्याय खुला केला. दुसरा आक्षेप दिरंगाईचा. करातून पैसा सावकाश जमत होता. काही वृद्ध रक्कम मिळण्यापूर्वीच वारले. २०२२ मध्ये घरविक्रीच्या हस्तांतरण-कराचीही जोड द्यावी लागली. तिसरा आक्षेप न्यायालयात गेला. मे २०२४ मध्ये दाखल झालेल्या दाव्यात, केवळ वंशावरून पैसे देणे घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतील समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे म्हटले आहे. ही दुरुस्ती १८६८ साली झाली, ती गुलामगिरीतून सुटलेल्यांना नागरिकत्व व संरक्षण देण्यासाठी, हेही ध्यानात ठेवा.

४. यातून काय घ्यावे?

दान हे देणाऱ्याच्या करुणेतून येते. ते कमी दिले तरी त्याला जाब विचारता येत नाही. भरपाई हे देणे असते. म्हणून ती मागणाऱ्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नुकसान कुणी केले, कोणत्या निर्णयाने केले आणि कुणाचे केले. एव्हन्स्टनच्या लोकांनी खुद्द नगरपालिकेचेच नियम पुढे ठेवले, तेव्हा तिला ते नाकारता आले नाहीत. २५,००० डॉलरमध्ये तेथे घर येत नाही, हे खरे. तरीही ज्या नगरपालिकेने वस्ती वेगळी पाडली, तिनेच आपल्या ठरावात ती चूक मान्य केली. आपल्या घरातील जुने उतारे, दाखले, पावत्या जपून ठेवण्याचे महत्त्व यावरून ओळखावे.

घरी चर्चेसाठी प्रश्न:

(१) कायद्याने भेदभाव बंद झाला, तरी त्याचे नुकसान पुढच्या पिढीपर्यंत कसे पोहोचते?

(२) भरपाईची रक्कम कशी खर्च करावी, हे कुणी ठरवावे?

(३) आपल्या घरात आजोबा-पणजोबांच्या काळातील कोणते कागद आहेत? वडीलधाऱ्यांना विचारून त्यांची यादी करा.