सूर्यावरील पीळ

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण माणसाच्या हट्टासाठी वापरतो. सूर्यावर ती जवळजवळ अक्षरशः खरी ठरते. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. तेव्हा आरंभ इतिहासापासूनच करतो.

१९०८ साली अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज हेल यांना सौरडागांभोवती भोवऱ्यासारख्या वळणदार रेषा दिसल्या. चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातील रेषा दुभंगतात, हे पीटर झीमन यांनी १८९६ मध्येच दाखवले होते. हेल यांनी डागांच्या प्रकाशात तेच दुभंगणे शोधले व ते सापडले. पृथ्वीबाहेरील चुंबकीय क्षेत्राचा हा पहिला पुरावा. आणि ते पृथ्वीच्या क्षेत्राहून हजारो पटींनी प्रबळ होते!

वायू चक्रीवादळासारखा गरगर फिरत असावा, असा हेल यांचा तर्क होता. डोळ्यांना तसेच दिसते. पण १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड यांनी कोडाईकनाल येथे वायूचा वेगच मोजला, तेव्हा तो डागाभोवती न फिरता चाकाच्या आऱ्यांप्रमाणे केंद्राकडून बाहेर वाहताना आढळला. (पुण्याची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाल्यावर तिची उपकरणे याच कोडाईकनालला गेली, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.) म्हणजे वळण होते ते चुंबकीय बलरेषांचे. कागदावरचा लोहकीस चुंबकाच्या रेषा दाखवतो, तसा तेथील तप्त वायू त्या रेषा उमटवून दाखवतो.

या पिळाला दिशाही आहे. हेल यांना पुढे असे आढळले की, सूर्याच्या उत्तर गोलार्धातील सुमारे ८० टक्के वळणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, तर दक्षिणेतील सुलट असतात. दर अकरा वर्षांनी डागांचे ध्रुव उलटतात, हा कल मात्र उलटत नाही. सूर्य घन नाही. त्याचे विषुववृत्त सुमारे २५ दिवसांत फिरते, ध्रुवांजवळचा भाग सुमारे ३५ दिवसांत. या विषम भ्रमणाने आणि आतल्या वायूच्या खळबळीने बलरेषांना पीळ बसतो, असे मानले जाते.

दोर वळताना खर्चलेले बळ पिळात साठते; येथेही तसेच. ताण असह्य झाला की रेषा तुटून नव्याने जुळतात व सौरज्वाला भडकते. साठलेली ऊर्जा प्रकाश, उष्णता व वेग होऊन निघून जाते. एकूण पीळ मात्र फारसा घटत नाही. उद्रेकात बाहेर फेकलेला वायूचा ढग त्याचा मोठा वाटा घेऊन अवकाशात निघतो. अशाच उद्रेकामुळे मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्विबेक प्रांतातील वीज सुमारे नऊ तास गेली.

ढगातील क्षेत्र पृथ्वीशी येताना दक्षिणाभिमुख असेल, तर वादळ अधिक तीव्र होते. ती दिशा १५ लाख किलोमीटरवरील आपले आदित्य-एल१ यान मोजू शकते. परंतु वेगवान ढग तेथून पृथ्वीपर्यंत तासाभराच्या आत पोहोचतो. म्हणूनच संशोधक हा पीळ सूर्यावर असतानाच वाचू पाहत आहेत.