घर बघतो माणूस, घेते बँक

एस्टिमेटिंगच्या पेपरात व्हॅल्युएशनचा एक प्रश्न हमखास येतो. इमारतीचे वय दिलेले असते, आयुष्य ६० वर्षे धरायचे, भंगारमूल्य १० टक्के धरायचे आणि आजची किंमत काढायची. मार्क पक्के. पण परळीसारख्या गावात त्या उत्तराला गिऱ्हाईक आणून दाखवा म्हटलं की पुस्तक मिटावं लागतं.

आमचं परळी वैजनाथचं घर विकायला मे २०२४ ते फेब्रुवारी २०२५ असे नऊ महिने लागले. अण्णा वाळूजला कंपनीत, ७६ वर्षांची आजी परळीत एकटी, आणि मी इथे अंबाजोगाईत होस्टेलला, म्हणजे सगळ्यांत जवळचा. त्यामुळे जवळपास प्रत्येक रविवारी सकाळची एस.टी. धरून मीच जायचो. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या गावी असंच एखादं घर कुलूप लावून पडलेलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आधी बाजार कसा होता ते सांगतो. परळीच्या आमच्या भागातली घरं थर्मलच्या जिवावर उभी राहिली. आजोबा थर्मलला फिटर होते. १९८४ मध्ये त्यांनी शेतातून पाडलेला दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट घेतला आणि १९८६ मध्ये घर बांधलं. मागच्या दोन खोल्या कायम भाड्याने, आणि भाडेकरू शोधायला कधी जावं लागलं नाही. मग फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तेच. तेव्हा केंद्राची क्षमता ११३० मेगावॅट होती. पुढे २१० मेगावॅटचे जुने संच कायमचे बंद झाले आणि २५० मेगावॅटचे तीनच राहिले. संच कमी झाले की कंत्राटी माणूस कमी होतो, माणूस कमी झाला की भाडेकरू जातो, आणि भाडं थांबलं की घराचा भाव बसतो. आमच्या गल्लीत मे २०२४ मध्ये चार घरांवर ‘विकणे आहे’ लिहिलेलं होतं. एकावर तर अक्षरं उन्हाने पुसट झाली होती.

अण्णांच्या मनात ३० लाख होते. आकडा हवेतला नव्हता, त्यांनी सिमेंटची पोती, सागाची चौकट, बोअर, सगळं धरलं होतं. मी पुस्तकाप्रमाणे हिशोब केला. ३८ वर्षांत घसारा ५७ टक्के, शिल्लक ४३. बांधकाम ९०० चौरस फूट, आज बांधायचं तर फुटाला १६०० रुपये धरले, म्हणजे साधारण ६ लाख २० हजार. जागा आमच्या भागात हजार रुपये फुटाने, म्हणजे १५ लाख. एकूण २१ लाखांच्या आसपास. अण्णा फोनवर बराच वेळ बोललेच नाहीत.

पहिल्या दोन महिन्यांत जे आले ते सगळे रोखवाले. “घर विकायलेत म्हणं,” अशी सुरुवात, मग घरभर फिरून “कागद कशे हायेत?” आणि शेवटी १६ लाख. त्यातले निम्मे कागदावर नकोत. आता स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, हा नियम जून २०१५ पासून आहे, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्यालाच. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझ्या लक्षात एक गोष्ट आली. रोखवाला आपल्या घराची किंमत करत नाही, आपल्या अडचणीची करतो. पडत्या बाजारात त्याला घाई नसते. जरा बरा भाव देऊ शकतो तो पगारदार माणूस, ज्याला खरंच तिथे राहायचं आहे. पण त्याच्याकडे पैसे नसतात, तो कर्ज काढतो. म्हणजे घर बघणार तो, पण घेणार बँक. आणि बँक घर बघायला दोन माणसं पाठवते, एक वकील आणि एक व्हॅल्युअर. रंग, पीओपी, फरशी यांत या दोघांनाही रस नसतो. तेव्हापासून आम्ही घर गिऱ्हाईकासाठी नाही, या दोघांसाठी तयार करायला लागलो.

वकिलाचं काम अवघड निघालं. १९८४ चं खरेदीखत नोंदणीकृत होतं, पण प्लॉट विनामंजूर रेखांकनातला, म्हणजे गुंठेवारी. आजोबांना कुणी विचारलं नाही, त्यांनीही केलं नाही. नगरपालिकेची घरपट्टी त्यांच्या नावावर येत होती आणि घरात सगळ्यांना तोच मालकीचा पुरावा वाटायचा. तो नाही, ती फक्त कर वसुलीची नोंद आहे. नियमितीकरणाचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात घेतली गेली. अर्जासोबत घराचा मोजमाप नकाशा लागतो. तो मी ऑटोकॅडवर काढला आणि परवानाधारक इंजिनिअरांनी तपासून सही केली. मोजताना कळलं की खरेदीखताच्या चतुःसीमेत उत्तरेला १५ फुटी रस्ता आहे आणि जागेवर तो ११ फूट भरतो. नकाशात ११ च दाखवले. व्हॅल्युअर टेप घेऊन येतोच, मग १५ लिहून काय मिळवायचं?

(खेडेगावातल्या मित्रांसाठी : ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही देखील आकारणीची नोंद आहे. गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका देण्यासाठी २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली, त्यात ड्रोनने मोजणी होते. आपल्या गावची झाली का आणि पत्रिकेवर नाव कुणाचं लागलं, हे या सुट्टीत बघून घ्या. विकायचं नसलं तरी.)

खरा पेच वारसांचा होता. आजोबा २०१६ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचं. अशा वेळी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा, मुलगा आणि मुली सारखे वारस. २००५ च्या दुरुस्तीची इथे गरजच नाही, ती वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेसाठी. म्हणजे आजी, अण्णा आणि दोन्ही आत्या, चार समान हिस्से. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे, साडीचोळी करायची आणि बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायचं. ओळखीच्या एका माणसाने तसा मसुदाही करून आणला. अण्णांवर वाळूजच्या फ्लॅटचं १४ लाखांचं कर्ज होतं. सगळे पैसे त्यांना आले तर ते मिटत होतं, चार हिस्से झाले तर पाच लाखांवर काही येत नव्हतं.

आजीने मसुदा वाचून घेतला आणि म्हणाली, “स्लॅब पडला तवा उन्हाळा व्हता. ह्याची धा दिवस परीक्षा. पाणी कुणी घातलं स्लॅबला? पोरींनी, हापशावरून आणून.” आता सिव्हिलवाल्यांना क्युरिंगचं महत्त्व सांगायला नको. मसुदा तसाच राहिला. ऑगस्टमध्ये चौघांची वारस नोंद झाली. अण्णा महिनाभर नीट बोलत नव्हते हेही लिहायला हवं, कारण असं काही झालं की सगळं लगेच गोड होतं असं दाखवायची आपल्याकडे सवय आहे. व्यवहाराच्या बाजूने एवढंच सांगतो की बँकेच्या वकिलाने पहिला प्रश्न ‘मुली किती?’ हाच विचारला.

घराच्या दुरुस्तीला ७० हजार लागले आणि त्यातला रंगावर जेमतेम सहावा भाग. गच्चीचा जुना कोबा उकलला होता, तो काढून नवा ब्रिकबॅट कोबा केला, उतार शंभराला एक. ४८ तास पाणी साठवून ठेवलं, खालून ओल आली नाही. मागच्या छज्जाची सळई उघडी पडली होती. तिथे सुटं काँक्रीट तोडून फिनॉल्फ्थॅलीन मारलं. वरचा थर रंगलाच नाही, आत गुलाबी झाला. म्हणजे कार्बोनेशन वरवरचं होतं. सळई घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने भरली. सरांच्या परवानगीने लॅबचा रिबाउंड हॅमरही नेला होता, पण जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने कठीण होतो आणि रीडिंग फुगतं, म्हणून ते आकडे कुणाला दाखवले नाहीत. हे सगळं कशासाठी, तर व्हॅल्युअर इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहितो आणि कर्जाची मुदत त्यापेक्षा कमी असावी लागते. २० वर्षांच्या ऐवजी १० वर्षांचं कर्ज मिळालं तर हप्ता वाढतो आणि गिऱ्हाईक जातं. पोपडे झाकायला रंगाचा जाड हात देणारे खूप आहेत, पण पहिल्या पावसात ते उघडं पडतं.

म्हणून घर पावसात दाखवावं असं माझं मत आहे. आणि पाणी मे महिन्यात मोजावं. बीड जिल्ह्यात कुणीही घर बघायला आलं की दुसरा प्रश्न पाण्याचा. मांजरा धरण कोरडं पडून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते विसरलेला माणूस इकडे नाही. ‘बोअरला भरपूर पाणी आहे’ हे सगळेच म्हणतात. मी हजार लिटरची टाकी भरायला लागणारा वेळ वहीत लिहीत गेलो. मेमध्ये ५२ मिनिटं आणि त्यानंतर पंप दम तोडायचा, सप्टेंबरमध्ये २१. वाईट आकडाही ठेवला. शिवाय गच्चीचं पाणी बोअरजवळच्या खड्ड्यात सोडलं. गच्ची ९३ चौरस मीटर, पाऊस ६५० मि.मी. धरला आणि त्यातला ८० टक्के हाती लागला तर वर्षाला ४८ हजार लिटर होतात.

सप्टेंबरात भर पावसात एक जोडपं आलं, तो जिल्हा परिषदेच्या शाळेत, ती नर्स. वही त्यांनी दोनदा वाचली. १९ पासून सुरुवात झाली आणि पावणे एकवीस लाखांवर थांबली. एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती ती आम्ही सांगितली : खरेदी एकट्या बाईच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, एप्रिल २०२१ पासून. २० हजार ७५० रुपये वाचले आणि शेवटची ओढाताण तिथेच मिटली. विसार चेकने, मग नोंदणीकृत साठेखत, मग कर्ज, मग खरेदीखत. रेडी रेकनरपेक्षा आमचा भाव वर होता म्हणून बरं. बाजार पडलेला असताना भाव त्याच्या खाली गेला तरी शुल्क सरकारी दरानेच भरावं लागतं. आयकरासाठी जुन्या घराची १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, ती नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून काढून घेतली.

१७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे आली, आणि लाइन परळीपर्यंत जोडायची आहे. आता गल्लीतले लोक म्हणतात, थांबायला पाहिजे होतं. थांबण्याचाही हिशोब असतो. पावणे एकवीस लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला १ लाख ४५ हजार व्याज होतं, वर घरपट्टी आणि बंद घराची पडझड वेगळी. २६१ किलोमीटरची ही लाइन मंजूर झाली १९९५ मध्ये. आजी आता वाळूजला असते, तिचा हिस्सा तिच्या नावाने ठेवीत आहे. अण्णांचा कर्जाचा हप्ता कमी झाला, संपलेला नाही. वही नव्या मालकीणबाईंनी मागून घेतली. या मेमध्ये ४७ मिनिटं लागली, असा त्यांचा मेसेज आला होता.